कासच्या उतारावर पडणारी चेन: पुढे एकच चक्र असलेल्या एका सायकलचं प्रकरण

तक्रार एका ओळीची होती: पुढे एकच चक्र ठेवल्यापासून चेन पडते.

सायकल साताऱ्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवणाऱ्या मॅडमची. आठवडाभर घर ते कॉलेज, आणि रविवारी पहाटे यवतेश्वरचा घाट चढून कासपर्यंत. मूळची ही हायब्रिड. पुढे 48-38-28 दात्यांची तीन चक्रं, मागे 11 ते 32 दात्यांची आठ गिअरची कॅसेट (चक्रांचा संच). डाव्या हाताचा शिफ्टर पावसाळ्यात जाम व्हायचा, पुढचे गिअर कधीच मनासारखे पडायचे नाहीत. म्हणून त्यांनी एका दुकानातून तिन्ही चक्रं काढून 40 दात्यांचं एकच नॅरो-वाइड (आळीपाळीने अरुंद आणि रुंद दात्यांचं) चक्र बसवून घेतलं. पुढचा डिरेलर (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर ढकलणारा भाग), त्याची केबल, डावा शिफ्टर, सगळं निघालं. हँडल मोकळं झालं, गिअर बदलण्यातला गोंधळ संपला, आणि चेन पडायला लागली. परत दुकानात नेली तेव्हा त्यांना चेन गाइड (चेन चक्रावरच धरून ठेवणारा भाग) लावायला सांगितलं गेलं. माझ्याकडे त्या आल्या त्या गाइड घ्यावा की नाही, एवढंच विचारायला.

"दादा, गाइड लावला की थांबेल ना?"

"थांबेलही. पण मॅडम, चेन पडते ती आत पडते की बाहेर?"

ते त्यांनी पाहिलं नव्हतं. कुणीच पाहत नाही. चेन पडली की माणूस वैतागतो, हात काळे करून ती चढवतो आणि पुढे निघतो. पण दुरुस्तीच्या दृष्टीने सगळ्यात मोलाची माहिती त्या अर्ध्या मिनिटात रस्त्यावर पडलेली असते. मी त्यांना चार गोष्टी लिहून ठेवायला सांगितल्या: चेन फ्रेमच्या बाजूला पडली की क्रँकच्या (पॅडलच्या दांड्याच्या) बाहेर, मागे कुठला गिअर होता, पॅडल पुढे फिरत होतं, थांबलं होतं की उलटं फिरलं होतं, आणि रस्ता कसा होता. तोवर सायकलला हात लावायचा नाही असं ठरलं. प्रयोगवहीची सवय असलेल्या बाई, त्यामुळे नोंदी चोख आल्या.

वहीत काय निघालं

त्यांच्या मते हा एकच बिघाड होता. नोंदींमध्ये दोन निघाले, आणि दोघांचा एकमेकांशी फारसा संबंध नव्हता.

पहिला चढावरचा. मागे सगळ्यात मोठं चक्र, म्हणजे 32. घाटात वेग अगदी कमी झाला की त्या पाय सोयीच्या जागी आणायला पॅडल अर्धा फेरा उलटं फिरवायच्या, आणि पुन्हा जोर लावताच चेन आत, बॉटम ब्रॅकेटवर (क्रँक ज्यात फिरतो त्या भागावर) पडायची. रस्ता गुळगुळीत असला तरी.

दुसरा उतारावरचा. मागे सगळ्यात लहान दोन-तीन चक्रांपैकी एक, पॅडल थांबलेलं, आणि वळणाच्या आधी रस्त्यावर मारलेले पांढरे जाड पट्टे. त्या पट्ट्यांवरून सायकल थडथडत गेली की पुढच्या पॅडलला पाय मोकळा फिरायचा. चेन बहुतेक वेळा बाहेरच्या बाजूला लोंबत असायची.

गाइडचा सल्ला ऐकून सायकल माझ्याकडे आली असती आणि मी गाइड विकला असता, तर कदाचित दोन्ही थांबलं असतं. कदाचित गाइडला चेन घासत राहिली असती. पण मूळ कारणं तशीच राहिली असती आणि चेन, चक्र, कॅसेट वेळेआधी झिजली असती. गाइड हा वाईट भाग नाही, शर्यतीत धावणारेही तो लावतात. मी तो शेवटी लावतो, कारण तो लावला की खालचे सगळे दोष दिसेनासे होतात.

चेन जागेवर राहते कशामुळे

आपली काळी सायकल घ्या. तिलाही पुढे एकच चक्र. तिची चेन सहसा पडत नाही, कारण मागचं फ्रीव्हील पुढच्या चक्राच्या बरोबर रेषेत असतं आणि मागचा अ‍ॅक्सल ओढून चेन ताणून ठेवता येते. ढिली झाली की तीही उतरते. गिअरच्या सायकलला या दोन्ही गोष्टी नाहीत. मागे चेन आठ जागी सरकते, म्हणून ती तिरकी चालणारच. प्रत्येक चक्राला चेन कमीजास्त लागते, म्हणून ती ओढून ताणता येत नाही, डिरेलरच्या स्प्रिंगवर ठेवावी लागते.

तीन चक्रांच्या जमान्यात हे खपून जायचं, कारण पुढच्या डिरेलरचा पिंजरा दोन्ही बाजूंनी चेनला धरून होता. त्याचं काम गिअर बदलायचं, पण चेन सांभाळायचं काम तो फुकटात करायचा. तो काढला की ते काम दुसऱ्या कुणाला तरी द्यावं लागतं. उतारावरच्या शर्यतीच्या सायकलींना पूर्वीपासून पुढे एकच चक्र असायचं, पण सोबत वर-खाली चेन धरणारा जाडजूड गाइड असायचा. 2012 साली स्रॅम या कंपनीने एक्सएक्स-वन हा संच आणला, त्यात पुढे एकच चक्र आणि मागे 10-42 अशी अकरा चक्रं. गाइडची गरज भागवायला त्यांनी चक्राचे दाते आळीपाळीने अरुंद आणि रुंद केले. चेनची एक कडी आतल्या पट्ट्यांची असते, पुढची बाहेरच्या पट्ट्यांची. आतल्या कडीतली जागा अरुंद, बाहेरच्या कडीतली रुंद. रुंद दाता रुंद कडीत गेला की तिथे चेनला आडवं हलायला जागाच उरत नाही. यामुळेच नॅरो-वाइड चक्राचे दाते नेहमी सम संख्येत असतात.

रुंद दात्याने ती जागा किती भरावी, यावर अमेरिकेत खटलाही झाला. रेसफेस ब्रँडची मालकी असलेली फॉक्स फॅक्टरी आणि स्रॅम यांच्यातलं हे प्रकरण 2019 साली तिथल्या फेडरल सर्किट न्यायालयापुढे होतं, आणि रुंद दात्याने बाहेरच्या पट्ट्यांमधली निदान 80 टक्के रुंदी भरण्याचा मुद्दा त्यात चर्चेत होता. मला त्यातलं कायद्याचं अंग महत्त्वाचं वाटत नाही. महत्त्वाचं हे की या चक्राची सगळी करामत त्या भरलेल्या जागेत आहे. जागा रिकामी राहिली तर नावाला नॅरो-वाइड.

दुसरा राखणदार मागे बसतो. शिमानो कंपनीने 2011 च्या सुमारास शॅडो प्लस नावाने आणि स्रॅमने त्याच्या पाठोपाठ टाइप-2 नावाने मागच्या डिरेलरमध्ये क्लच घातला. डिरेलरचा लांब पिंजरा पुढे झुकायला लागला की क्लच त्याला घर्षणाने अडवतो, मागे जाताना मोकळं सोडतो. मॅडमच्या सायकलला हा दुसरा राखणदार नव्हताच, आणि पहिला होता तोही अर्धवट.

मापं

सायकल स्टँडवर घेतली आणि आधी हाताने तपासलं. बॉटम ब्रॅकेट घट्ट, क्रँकला खेळ नाही, मागचा हँगर (डिरेलर ज्याला टांगलेला असतो तो) सरळ, मागचं चाक जागेवर. इथवर बरं होतं. मग चक्राचे बोल्ट बघितले तर चारपैकी एक बोटाने फिरला.

तिथून सगळं उलगडत गेलं. तीन चक्रांच्या क्रँकवर मधलं आणि बाहेरचं चक्र एकाच बोल्टने धरलेलं असतं, क्रँकच्या हाताच्या आत एक, बाहेर एक. दोन चक्रांच्या जाडीचा तो बोल्ट एकट्या चक्राला आवळूच शकत नाही, आधीच टेकतो. नवं चक्र बसवणाऱ्याने ते बाहेरच्या जागेवर लावलं होतं आणि आतल्या रिकाम्या जागेत वॉशर भरले होते. एका बोल्टाचा वॉशर पडून गेला होता. बाहेरची जागा निवडली असावी ती सोय म्हणून, तिथे फ्रेमला चक्र घासण्याची भीती नसते.

पण त्याने चेनलाइन, म्हणजे फ्रेमच्या मध्यापासून चेनचं आडवं अंतर, बिघडली. सीट ट्यूबच्या (सीटखालच्या उभ्या नळीच्या) मध्यापासून दात्याच्या मध्यापर्यंत मोजलं तर 55 मिलीमीटरच्या आसपास भरलं. मागे हबची रुंदी 135, कॅसेटचा मध्य फ्रेमच्या मध्यापासून साधारण 45. म्हणजे पुढचं चक्र मागच्या मध्यापेक्षा सेंटीमीटरभर बाहेर. आठ चक्रांच्या कॅसेटमध्ये एका चक्राच्या मध्यापासून पुढच्याच्या मध्यापर्यंत 4.8 मिलीमीटर असतात, तेव्हा मध्यापासून टोकाच्या चक्रापर्यंत 17 च्या जवळपास. सगळ्यात मोठं चक्र मग 28-29 वर येतं, आणि चेन तिथून 55 वर जायची. 26 मिलीमीटर तिरकी, 435 मिलीमीटरच्या चेनस्टेवर (क्रँकपासून मागच्या चाकापर्यंतच्या नळीवर). लहान चक्रावर मात्र हा फरक फक्त 7 चा.

चढावरचा बिघाड इथे सापडला. पॅडल उलटं फिरलं की चेनचा प्रवासही उलटा होतो. एरवी ती पुढच्या चक्रावर वरून, ताणात असताना चढते. उलट्या फेऱ्यात ती खालून चढते, आणि खालच्या बाजूला ताण फक्त स्प्रिंगचा. डिरेलर तेव्हा सगळ्यात आत, मोठ्या चक्राखाली उभा असतो, म्हणजे ढिली चेन आतून तिरकी येऊन बाहेरच्या चक्रावर बसायचा प्रयत्न करते. त्याच वेळी मागचं मोठं चक्रही चेन धरून ठेवू शकत नाही, ती शेजारच्या लहान चक्राकडे घसरते आणि वरचा पदर क्षणभर सैल पडतो. मग मॅडम जोर लावायच्या आणि चेन आत. स्टँडवर हाताने पॅडल उलटं फिरवून हे जसंच्या तसं बघता आलं, त्यांनीही बघितलं.

आता हे अर्धा फेरा उलटं फिरवणं त्या का करायच्या, हाही प्रश्न आहे. आधी त्यांचा सगळ्यात हलका गिअर होता पुढे 28, मागे 32. पॅडलच्या एका फेऱ्यात चाक पाऊण फेऱ्याच्या थोडं पुढे, 0.875. बदलानंतर पुढे 40, मागे 32, म्हणजे 1.25. घाट तोच, पाय तेच, गिअर मात्र चाळीस टक्क्यांहून जास्त जड. माणूस थबकतच चढणार. एकच चक्र बसवून देताना मागची कॅसेट तशीच ठेवणं मला सगळ्यात जास्त खटकतं. तीन चक्रं गेली की त्यांनी दिलेला पल्ला मागून भरून द्यायला हवा, नाहीतर गिर्‍हाइकाला आपण सोपी सायकल देतोय असं सांगून अवघड सायकल देतो.

चेन मोजली. 112 कड्या. 48 च्या चक्रासाठी ती बरोबर होती. चेनच्या लांबीचा साधा हिशोब असा: चेनस्टेची दुप्पट, अधिक पुढच्या सगळ्यात मोठ्या चक्राच्या दात्यांचा चौथा हिस्सा, अधिक मागच्या सगळ्यात मोठ्याचा चौथा हिस्सा, अधिक एक, सगळं इंचात. येणारा आकडा पुढच्या पूर्ण इंचावर न्यायचा, कारण आत-बाहेरची एक जोडी म्हणजे एक इंच. 48 वरून 40 वर आलं की दोन इंच, म्हणजे चार कड्या जास्तीच्या. त्या काढल्याच नव्हत्या. वर डिरेलर तीन चक्रांचा, लांब पिंजऱ्याचा, 41 दात्यांचा फरक सांभाळण्यासाठी निवडलेला. एका चक्राला फक्त 32 वजा 11, म्हणजे 21 चा फरक पुरतो. त्यामुळे लहान चक्रावर पिंजरा पार मागे दुमडलेला, स्प्रिंग जवळजवळ विसावलेली, आणि खालची चेन लोंबती. त्या पांढऱ्या पट्ट्यांवर ती दोरीवरच्या उड्यांसारखी हेलकावत असणार. ती लाट पुढच्या चक्राशी पोचली की दाते चेनखालून निसटतात. हा उतारावरचा बिघाड.

आणि शेवटची गोष्ट. चेन आठ गिअरची होती, आतली रुंदी 2.38 मिलीमीटर. नॅरो-वाइड चक्रं बहुतेक नऊ गिअर आणि त्यापुढच्या चेनसाठी असतात, जिची आतली रुंदी 2.18. शिवाय गेजने झीज तपासली तर 0.75 टक्के ओलांडलेली. रुंद दाता बाहेरच्या कडीत घालून चेन बोटाने आडवी हलवली तर ती चांगली डुलत होती. दात्याने जी जागा भरायची ती भरलीच जात नव्हती.

पहिली फेरी

खर्चाच्या बाबतीत मॅडम स्पष्ट होत्या. "एकदम सगळं नका बदलू. आधी जे फुकटात होतंय ते करा, मग बघू." मलाही हेच पटतं, कारण एकदम सगळं बदललं की कशाने बरं झालं ते कळत नाही.

चक्र मधल्या जागेवर आणलं. आधी फ्रेमशी अंतर बघणं भाग होतं, कारण त्या जागी मूळ 38 चं चक्र होतं आणि 40 चं चक्र त्रिज्येने चार मिलीमीटर मोठं. जागा पुरली. बोल्टांसाठी दोन वाटा होत्या: एका चक्रासाठीचे आखूड बोल्ट घ्यायचे, किंवा जुनेच लांब बोल्ट ठेवून बाहेरच्या जागेवर काहीतरी बसवायचं. जुनं 48 चं लोखंडी चक्र मॅडमनी पिशवीत जपून ठेवलं होतं. चश्मा लावून ग्राइंडरवर त्याचे दाते मुळापर्यंत उडवले, कानशीने काठ गोल केला, पॉलिश पेपर मारला. तयार झालेली गोल चकती 40 च्या दात्यांपेक्षा आठेक मिलीमीटर उंच राहते. ती बाहेरच्या जागेवर, नवं चक्र मधल्या, आणि तेच जुने बोल्ट दोघांना नीट आवळून. चेनला बाहेर पडायची वाट बंद. वर कॉलेजला जाताना सलवार चेनमध्ये अडकण्याची भीतीही गेली, जी मूळचा प्लॅस्टिक गार्ड निघाल्यापासून परत आली होती.

चेनलाइन आता 47-48 वर आली. मोठ्या चक्रावरचा तिरकेपणा 26 वरून 19 वर. याची किंमतही आहे, ती लपवण्यात अर्थ नाही: लहान चक्रावरचा तिरकेपणा 7 वरून 15 वर गेला. पण उताराला चेनवर जोर नसतो आणि बाहेर चकती उभी होती, तेव्हा हा सौदा मला मान्य होता.

चेन नवी, नऊ गिअरची घातली. आठच्या कॅसेटवर ती चालते, आणि नॅरो-वाइड दात्यांवर घट्ट बसते. 108 कड्यांवर कापली. उरलेला तुकडा पाकिटात घालून वर सायकलचं नाव लिहून ठेवला, पुढची फेरी लागली तर तो लागणार हे माहीत होतं.

याच वेळी त्यांना चेन हाताने चढवायची रीत दाखवली. नॅरो-वाइड चक्रावर चेन कशीही ठेवून चालत नाही. रुंद दात्यावर आतली, अरुंद कडी आली तर ती तळापर्यंत जात नाही, दात्याच्या खांद्यावर टेकून राहते. नजरेला चेन बसलेली वाटते. पॅडल मारलं की चार-पाच दाते ती अशीच वर वर चालते आणि पुन्हा पडते. त्यांच्या वहीत 'लगेच परत पडली' अशा ज्या नोंदी होत्या, त्यांचं उत्तर हे असावं. वरच्या रुंद दात्यावर बाहेरच्या पट्ट्यांची कडी ठेवायची, रोलर तळाला टेकलेला बघायचा, मग हळू अर्धा फेरा. एका दात्याने चुकलं तर चेन एक दाता पुढे-मागे करायची.

ही रीत हाताला बसलेली असणं किती मोलाचं असतं ते 2023 च्या जिरो द'इतालिया या इटलीतल्या सायकल शर्यतीत जगाने पाहिलं. 27 मे रोजी मोंते लुसारीच्या डोंगरावर शेवटचा निर्णायक टाइम ट्रायल (एकेकट्याने वेळेवर धावायचा टप्पा) होता. प्रिमोझ रोग्लिच एकूण वेळेत गेरेंट थॉमसच्या 26 सेकंदांनी मागे होता. चढासाठी त्याने पुढे एकच चक्र असलेली सायकल घेतली होती, आणि त्या अरुंद, खड्या काँक्रीटच्या रस्त्यावर त्याची चेन पडली. तो उतरला, हाताने चेन बसवली, बघ्यांपैकी एकाने मागून ढकललं, आणि तो पुन्हा चढायला लागला. थॉमसला 40 सेकंदांनी मागे टाकून त्याने तो टप्पा जिंकला आणि 14 सेकंदांच्या फरकाने सगळी शर्यत. जगातली उत्तम सामग्री आणि उत्तम मेकॅनिक पाठीशी असूनही चेन पडू शकते, हे मी मॅडमना मुद्दाम सांगितलं, म्हणजे त्यांना आपल्याच चालवण्यात काही खोट आहे असं वाटू नये.

जे उरलं

चढावरचं पडणं थांबलं. पूर्णपणे. उतारावरचं कमी झालं पण गेलं नाही. पट्ट्यांवर चेन अजूनही उसळायची. आता ती बाहेरच्या चकतीवर आपटून दात्यांच्या टोकांवर बसायची आणि खडखडायची, कधी आत पडायची. हे अपेक्षित होतं. लांबी कमी केल्याने ढील घटली होती, पण हेलकावा रोखणारं काही मागे नव्हतंच.

मॅडमनी इथे एक चांगला प्रश्न विचारला. "दादा, तो जुना पुढचा डिरेलर आहे घरी. केबल न लावता नुसताच बसवला तर?" बसवता येतो. पिंजरा चक्राच्या वर आणून दोन्ही मर्यादा-स्क्रूंनी जागेवर अडकवून ठेवायचा, तो गाइडचं काम करतो. ज्यांना पैसे घालायचे नाहीत त्यांना मी हेच सुचवतो. पण त्यांच्या बाबतीत जड गिअरचा प्रश्न शिल्लक होता, आणि तो या उपायाने सुटणार नव्हता. मी म्हटलं, पैसे घालायचे तर मागे घाला. एका खर्चात दोन्ही कामं होतील.

क्लच असलेला डिरेलर नुसता आणून लावता येत नाही, हे इथे सांगायला हवं, कारण बरेच जण तसा मागवून फसतात. शिमानोच्या डोंगरी संचांमध्ये सात, आठ, नऊ गिअरचे डिरेलर एकाच प्रमाणात केबल ओढून घेतात, दहा गिअरपासून ते प्रमाण बदललं. दहाचा क्लचवाला डिरेलर आठच्या शिफ्टरवर लावला की एकही गिअर जागेवर पडत नाही. शिफ्टर आणि डिरेलर जोडीनेच घ्यायचे. आम्ही मायक्रोशिफ्टचा अ‍ॅडव्हेंट हा नऊ गिअरचा संच निवडला. त्यात क्लच आहे, तो चालू-बंद करायला खटका आहे, आणि कॅसेट 11-42 मिळते. कॅसेट ज्यावर बसते ते हबवरचं फ्रीहब तेच चाललं, चेन आधीच नऊची होती.

लांबी मात्र पुन्हा मोजावी लागली. मागे 42 आल्यावर हिशोब 112 कड्यांवर जातो. 108 ची चेन 42 वर ताणली असती तर डिरेलर उपसून निघाला असता, हँगरही गेला असता. पाकिटातल्या तुकड्यातून आत-बाहेर-आत अशा तीन कड्या घेतल्या, एक जादा क्विक लिंक (हाताने जोडता येणारी कडी) लावली, चार कड्या भरल्या. मग पडताळा: चेन डिरेलरमधून न ओवता पुढचं चक्र आणि मागचं 42 यांभोवती गुंडाळायची, जिथे टोकं जेमतेम भेटतात त्याच्यापुढे दोन कड्या. बरोबर आली. लांबी नेहमी मोठ्या चक्रावरच ठरवायची. लहान चक्रावर ढिली दिसते म्हणून कापली तर वर गिअर टाकताच काहीतरी मोडतं.

सगळ्यात हलका गिअर आता 40 ला 42, म्हणजे 0.95. जुन्या 0.875 इतका हलका नाही, पण 1.25 च्या मानाने घाट बदलल्यासारखा. मॅडम आता पॅडल उलटं फिरवायला थांबतच नाहीत, त्याची गरज पडत नाही. क्लच चालू असताना पिंजरा हाताने पुढे ढकलून बघितला तर तो स्पष्ट जड लागतो, आणि स्टँडवर मागचं चाक उचलून आपटलं तरी खालची चेन फारशी हलत नाही.

त्या पट्ट्यांवरून, त्याच वेगाने, लहान चक्रावर पॅडल थांबवून त्यांनी मुद्दाम पुन्हा पुन्हा सायकल नेली. चेन राहिली. पावसाळ्यात कासच्या लाल चिखलातही राहिली, फक्त चिखल रुंद दात्यांच्या बाजूला दाबून बसतो म्हणून घरी आल्यावर पाण्याने आणि जुन्या टूथब्रशने चक्र साफ करायची सवय लावून घेतली.

त्यानंतर एकदा चेन पडली. मागचं चाक पंक्चर झालं होतं, चाक काढताना पिंजरा मोकळा हलावा म्हणून क्लचचा खटका बंद केला होता, आणि चाक लावल्यावर तो तसाच राहिला. खाली उतरताना पहिल्याच पट्ट्यांवर चेन आत. वहीत त्यांनी स्वतःच कारण लिहून आणलं: क्लच बंद. खटका चालू असताना ज्या बाजूला असतो तिथे आता त्यांनी लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला आहे, चाक लावल्यावर तो झाकला गेलेला बघायचा.

चेन गाइड अजून घेतलेला नाही. पुढच्या चक्राचे रुंद दाते मी प्रत्येक सर्व्हिसिंगला बघतो. त्यांचे काठ पातळ झाले, किंवा समोरच्या बाजूने चेन बोटाने उचलली तर दात्यावरून सहज वर यायला लागली, की चक्र बदलायचं. चेन या नऊ गिअरच्या संचावर गेज 0.75 दाखवायच्या आत बदलायची. सध्याची चेन 0.5 च्या खाली आहे, चक्राचे काठ शाबूत आहेत, आणि चकतीचे चारही बोल्ट घट्ट आहेत.